आखूड किक

बॉल बास्केटच्या कडेवर आपटला आणि ओल्या गवतावर वेड्यावाकड्या उड्या मारत लांब गेला. चारुदत्तने तो उचलून आणला, ट्रॅकपँटला पुसला आणि मधल्या रेषेवर उभ्या असलेल्या अस्मिताकडे फेकला.

"अजून उंच हवा," तो म्हणाला.

"बाबा, इट वॉज ऑलमोस्ट इन!"

"नुसता बास्केटमध्ये पडून उपयोग नाही. तो वर असेपर्यंत तुमच्या मुली खाली पोहोचल्या पाहिजेत. परत मार."

"माय टोज आर फ्रोजन."

"मारलीस की गरम होतील."

अस्मिताने डोळे फिरवले आणि बॉल दोन्ही हातांत धरला. ऑकलंडच्या माउंट वेलिंग्टनमधलं ते मैदान रविवारी सकाळी रिकामं असायचं. एखादा म्हातारा कुत्र्याला घेऊन कडेकडेने जायचा, "मॉर्निंग" म्हणायचा, आणि गवतावर ठेवलेल्या धुण्याच्या बास्केटकडे बघत पुढे निघून जायचा. बास्केट घरचीच होती. चारुदत्तने ती समोरच्या दहा मीटरच्या रेषेच्या जरा पलीकडे, डाव्या बाजूला ठेवली होती. गेले कितीतरी रविवार ती तिथेच ठेवली जात होती. उजवीकडे एकदाही नाही.

रग्बीत ज्या संघावर गुण चढतात तोच मधल्या रेषेवरून किक मारून खेळ परत सुरू करतो. बहुतेक वेळा बॉल लांब मारतात, म्हणजे तो समोरच्यांनाच मिळतो. पण बॉल दहा मीटर पुढे गेला की तो कुणाचाही असतो. म्हणून हरत आलेला संघ शेवटी शेवटी आखूड किक मारतो. जेमतेम दहा मीटर, आणि उंच. खाली धावत जाऊन आपणच झेलायचा. अस्मिताच्या कॉलेजने या मोसमात अशी किक जेव्हा जेव्हा मारली तेव्हा तेव्हा ती वाया गेली होती. कॉलेज म्हणजे इथलं हायस्कूलच. अस्मिता सतरा वर्षांची होती आणि मुलींच्या पहिल्या संघात किक मारायचं काम तिच्याकडे होतं.

चारुदत्तने पन्नाशीपर्यंत रग्बीचा बॉल हातात धरला नव्हता. तो पेनरोजच्या एका कारखान्यात पॅकिंगच्या खोक्यांची गुणवत्ता तपासायचा. भरलेलं खोकं उंचावरून पाडायचं, कुठला कोपरा फाटला ते बघायचं, परत पाडायचं. पुरेशा वेळा पाडलं की कळतं, फाटतो तो नेहमी एकच कोपरा. किककडे त्याने तसंच पाहिलं. अस्मिता बॉल छातीपासून सोडायची आणि दर वेळी तो वेगळा टप्पा घ्यायचा. त्याने तिला तो कमरेपासून सोडायला लावला, टोक किंचित तिच्याकडे कललेलं ठेवून. संघाची कोच मिरिआमा आधी हसली होती. नंतर एका सरावाला तिने हाताची घडी घालून बराच वेळ बघितलं आणि माओरीत शाबासकी दिली, "किया ओरा, चारू. शनिवारीसुद्धा ये. पाण्याच्या बाटल्या ने, म्हणजे तुला मैदानाच्या कडेला उभं राहता येईल."

त्याला तेच हवं होतं.

"लास्ट वन," अस्मिता ओरडली. तिने बॉल सोडला, टप्पा पडता पडता पाय लावला. बॉल सरळ वर गेला, वर जाऊन क्षणभर थांबल्यासारखा झाला आणि बास्केटच्या बरोबर मधे पडला. बास्केट कलंडली.

चारुदत्तने शाबास म्हटलं नाही. बास्केट सरळ केली.

"आता परत असाच," तो म्हणाला.

श्रीनाथ आला तेव्हा टीव्हीवर अस्मिताच्या जुन्या कॉलेजची मॅच लागलेली होती. कॉलेजचे सामने आता सगळे इंटरनेटवर दिसतात. चारुदत्त एकच तुकडा मागे-पुढे करत होता.

"आमच्या निवेदिताने डब्यात खिचडी दिलीये. गरम आहे तोवर खा," श्रीनाथने डबा ओट्यावर ठेवला आणि सोफ्यावर बसला. दोघे पुण्यात एकाच वर्गात होते आणि ऑकलंडला श्रीनाथ आधी आला होता, त्यामुळे या घरात तो बेल वाजवत नसे. "चारू, तुला ऑफसाइड तरी कळतं का रे?"

"कळतं."

"मला वीस वर्षांत कळलं नाही. मुलगा ओरडला की मी ओरडतो." त्याने स्क्रीनकडे पाहिलं. "ही कोण? मगापासून हीच दिसतेय."

"त्यांची आठ नंबर. लोसा." चारुदत्तने तुकडा मागे नेला. "हे बघ. बॉल वरून येतोय. हात बरोबर आहेत, पाय बरोबर आहेत. आणि आता बघ."

पडद्यावरच्या धिप्पाड मुलीने बॉल हाताला लागायच्या आधी तोंड बाजूला फिरवलं. अगदी थोडं. बॉल तिच्या मनगटावरून उडाला.

"दर वेळी?"

"दर वेळी नाही. पण कुणी अंगावर येतंय असं वाटलं की फिरवते. दोन वर्षांपूर्वी फिरवत नव्हती."

श्रीनाथ सोफ्यावर पुढे सरकला. दोन वर्षांपूर्वी काय झालं ते त्याला माहीत होतं. त्या मॅचला तोही गेला होता.

चारुदत्तची बायको मृदुला तेव्हा जुन्या कॉलेजच्या मुलींची फिजिओ होती. आठवडाभर क्लिनिक आणि शनिवारी मैदान. अंतिम सामन्यात पंधरा वर्षांच्या लोसाच्या डोक्याला मार लागला. मृदुला कोचला म्हणाली, हिला बाहेर काढा. कोच रॉस म्हणाला, बघू, अजून थोडा वेळ. मृदुलाने बघितलं नाही. ती हात वर करून सरळ मैदानात शिरली आणि रेफरीला सांगितलं. रेफरीने निळं कार्ड दाखवलं. निळं कार्ड म्हणजे डोक्याला मार. खेळाडू बाहेर, परत येणं नाही. लोसा बाहेर गेली आणि सामनाही गेला. पुढच्या मोसमात मृदुलाला बोलावणं आलं नाही. कुणी काढून टाकलं नाही, भांडण झालं नाही, नुसता फोन आला नाही. त्या हिवाळ्यातले शनिवार ती संघाचं जाकीट घालून स्वयंपाकघरात बसायची. जाकीट उबदार आहे म्हणायची. हिवाळा संपता संपता पोटात दुखायला लागलं, आणि उन्हाळ्यात ती गेली.

रोगाची कॉलर धरता येत नाही. रॉसला कॉलर होती.

"रॉसला धडा शिकवायचाय ना," श्रीनाथ म्हणाला, "मग त्याच्या घरी जाऊन तोंडावर चार शब्द सुनाव. मी येतो सोबत. हवं तर गाडी सुरूच ठेवतो."

"चार शब्द ऐकून तो सॉरी म्हणेल. इथे सगळे सॉरी म्हणतात." चारुदत्तने रिमोट खाली ठेवला. "त्याचं हे शेवटचं वर्ष आहे. फायनल जिंकून निवृत्त व्हायचंय त्याला. त्याच्या आधी सेमीफायनलला आम्ही समोर आहोत. त्याने घरी बसावं. शनिवारी, जाकीट घालून."

"म्हणून घर बदललंस तू? या कॉलेजच्या हद्दीत यायला?"

मित्रांना, ऑफिसात, अस्मिताला चारुदत्तने कामाच्या जवळ म्हणून सांगितलं होतं.

"चारू," श्रीनाथ हळू म्हणाला, "ती पोर आहे रे. वहिनींनी तिलाच बाहेर काढलं होतं."

"मी तिला मारायला सांगत नाहीये. बॉल तिच्या बाजूला टाकायचा. एवढंच."

"खिचडी खा," श्रीनाथ म्हणाला.

अस्मिताला त्याने सेमीफायनलच्या आदल्या दिवशी गाडीत सांगितलं. ती सीटवर पाय घेऊन बसली होती, जँडल, म्हणजे इथल्या रबरी चपला, खाली पडलेल्या. ऑगस्टच्या थंडीत जँडल घालू नको हे सांगणं त्याने सोडून दिलं होतं.

"डावीकडे का, ते मला ठाऊक आहे," ती म्हणाली. "आय'म नॉट डम्ब. लोसा तिथे उभी राहते."

"मग बरंच झालं."

"शी डिड द हाका फॉर मम."

मृदुलाच्या अंत्यविधीला जुन्या कॉलेजच्या मुली गणवेशात आल्या होत्या. दहनगृहाच्या दालनात भटजींचं आटोपल्यावर त्या रांगेत उभ्या राहिल्या आणि त्यांनी हाका, म्हणजे माओरींचं समूहनृत्य, केला. छाती आणि मांड्या बडवत, रडत. पुढे लोसा होती. पुण्याहून आलेली मृदुलाची आई घाबरली होती. मग कुणीतरी तिला कानात सांगितलं, की हा मान आहे. चारुदत्तला त्या दिवसाचं फारसं काही आठवत नव्हतं. रॉस आला नव्हता, हे मात्र पक्कं आठवत होतं.

"हा खेळ आहे," तो म्हणाला. "समोरच्याचा कच्चा कोपरा शोधायचा असतो. तो रॉस काय तुमच्या मुलींना दया दाखवणार आहे?"

"आय हेट हिम टू, ओके?" अस्मिता खिडकीबाहेर बघत म्हणाली. "मलापण हरवायचंय त्याला. हीप्स, खूपच. बट इट्स वीअर्ड, बाबा. तुम्ही तिचे इतके व्हिडिओ बघता."

"मारशील ना?"

सिग्नल सुटला.

"मारीन," ती म्हणाली.

शनिवारी मैदान मऊ होतं आणि वारा नव्हता. किकसाठी याहून चांगला दिवस मिळाला नसता. चारुदत्त बाटल्यांचा क्रेट घेऊन डाव्या कडेला उभा राहिला. पलीकडच्या कडेला रॉस होता. पांढरे केस, अर्धी चड्डी, हात मागे बांधलेले. सामन्याआधी त्याने लांबून हात वर केला होता. चारुदत्त वाकून बाटल्यांची झाकणं घट्ट करत राहिला.

सामना अटीतटीचा झाला. एकदा हे पुढे, एकदा ते. चारुदत्त स्कोअरकडे कमी आणि आठ नंबरकडे जास्त बघत होता. बॉल कुठेही असो, त्याची मान तिच्याबरोबर फिरायची. लोसा चांगली खेळत होती. चार मुली अंगावर घेऊन पुढे सरकायची, पडली की लगेच उठायची, पडलेल्या मैत्रिणीला हात द्यायची. पूर्वार्धात अस्मिताने एक आखूड किक मारली तेव्हा लोसाने तोंड फिरवलं होतं. बॉल तिच्या खांद्याला लागून बाहेर गेला. बाकी कुणाच्या लक्षात आलं नाही. चारुदत्तने क्रेटवर हळूच मूठ आपटली.

शेवटची काही मिनिटं राहिली असताना जुन्या कॉलेजने डाव्या कोपऱ्यात जोर लावला. त्याच्या अगदी समोर. मुलींचा ढीग, म्हणजे रक, झाला, कुणीतरी बॉल मागे ओढला, लोसा तो झाकायला खाली वाकली, आणि त्याच क्षणी अस्मिताच्या संघातली एक जाडजूड मुलगी गुडघ्याने आत शिरली. गुडघा लोसाच्या डाव्या कानाच्या वर बसला. मुद्दाम नव्हता. आवाज झाला तो चारुदत्तला ऐकू आला.

लोसा पडली. पडताना तिने हात टेकवले नाहीत.

मृदुला जेवताना असल्याच गोष्टी सांगायची. पोळी हातात तशीच ठेवून सांगायची. शुद्धीवर असलेलं माणूस पडताना हात टेकवतंच. ज्याचे हात टेकले नाहीत, त्याच्याकडे आधी बघायचं. मग तो उठल्यावर कुठे जाऊन उभा राहतो ते बघायचं.

बॉल ढिगाऱ्यातून निघून उजवीकडे गेला. सगळ्या मैदानाची मान तिकडे फिरली. लोसा उठली, चार पावलं चालली आणि अस्मिताच्या संघाच्या मुलींमध्ये जाऊन उभी राहिली. खाली बघत. तिच्या संघातल्या सहा नंबरने तिला दंडाला धरून आपल्या बाजूला ओढलं आणि पळाली. तिकडे उजव्या टोकाला जुन्या कॉलेजने बॉल गोलरेषेपलीकडे टेकवून ट्राय केला, पाच गुण. पलीकडची कड उसळली. रॉससुद्धा उड्या मारत होता.

चारुदत्तचा उजवा हात वर गेला होता. खांद्यापर्यंत. रेफरीची पाठ होती. त्याने हाताकडे पाहिलं, तो खाली घेतला आणि क्रेट उचलला. ट्राय झाल्यावर पाणी घेऊन आत जाता येतं.

अस्मिता गोलरेषेच्या मागे कमरेवर हात ठेवून धापा टाकत होती. तो तिच्यापर्यंत पोहोचेस्तोवर समोरच्यांची ट्रायनंतरची किक पोलच्या बाहेरून गेली.

"चार पॉइंट," ती म्हणाली. "वी नीड अ ट्राय. टाइम?"

"एक किक पुरे. डावीकडे. तिच्यावरच."

"फर्स्ट हाफमध्ये ती..."

"आता नक्की सोडणार. हात वरसुद्धा जाणार नाहीत तिचे."

अस्मिताने बाटली तोंडापासून काढली. "कसं माहीत? तिला लागलंय का?"

"पाणी पी," तो म्हणाला. "आणि कमरेपासून सोड."

तो कडेला परतला. मुली मधल्या रेषेवर आल्या. समोर जुन्या कॉलेजच्या मुली पांगून उभ्या राहिल्या आणि लोसा, सवयीने, आपल्या जागेवर गेली. रविवारी जिथे बास्केट असायची तिथे. एक हात तिने डोळ्यांवर धरला होता. सूर्य तिच्या मागे होता.

अस्मिताने बॉल कमरेशी धरला. रेफरीने शिट्टी तोंडात घातली.

"रेफ! रेफ!"

पलीकडून रॉस मैदानात आला. पळत, हात डोक्याच्या वर. सत्तरीला आलेला माणूस मऊ मातीत घसरत पळत होता. त्याने रेफरीला गाठून लोसाकडे बोट दाखवलं. रेफरी तिच्यापाशी गेला, काहीतरी विचारलं, परत विचारलं. मग त्याने खिशातून निळं कार्ड काढलं.

"नो!" लोसा ओरडली. "कोच, नो! मिनिटभर तर राहिलंय! आय'म गुड!"

रॉसने तिच्या कमरेभोवती हात घातला. ती त्याला ढकलत होती आणि त्याच्यावरच रेलली होती. जुन्या कॉलेजच्या पालकांमधून कुणीतरी ओरडलं, "आत्ता काढतोस, रॉस?" रॉसने तिकडे पाहिलं नाही. तिला हळूहळू चालवत कडेला नेलं.

चारुदत्तच्या तोंडून शिवी निघाली. मराठीतली, शाळेनंतर कधी न दिलेली. शेजारी उभ्या असलेल्या मिरिआमाला अर्थ कळला नाही, पण तिने वळून पाहिलं.

"काय झालं?"

"काही नाही. त्यांना वेळ काढायचाय."

"वेळ?" मिरिआमा म्हणाली. "घड्याळ थांबलंय, चारू. आणि त्याची सगळ्यात चांगली मुलगी गेली."

लोसाच्या जागी आलेली मुलगी किडकिडीत होती. जर्सी तिला गुडघ्यापर्यंत येत होती. कुठे उभं राहायचं ते तिने दोनदा विचारून घेतलं आणि लोसाच्या जागेवर येऊन हात हवेत धरून उभी राहिली. बॉल अजून अस्मिताच्या हातात असताना.

अस्मिताने मान वळवून वडिलांकडे पाहिलं. एरवी ती किकच्या आधी बॉलकडे बघायची.

त्याने बोट दाखवलं. डावीकडे. तीच जागा.

तिने किक मारली. एवढी चांगली किक तिने सरावातही मारली नव्हती. बॉल उंच गेला आणि वरच राहिला, आणि त्याच्या खालून अस्मिताच्या संघातली उंच मुलगी, आना, मान वर करून पळत गेली. किडकिडीत मुलीने डोळे मिटून घेतले. आनाने उडी मारून बॉल मागे ढकलला, दोन पास झाले, आणि जुन्या कॉलेजच्या मुली वळेपर्यंत बॉल त्यांच्या गोलरेषेपलीकडे टेकलेला होता.

शेवटची शिट्टी वाजली. अस्मिताच्या मैत्रिणींनी तिला खाली पाडून तिच्यावर ढीग केला. मिरिआमाने चारुदत्तला मिठी मारली. क्रेट पडला, बाटल्या घरंगळल्या. वर्षभर तो या क्षणाचा विचार करत होता. क्षण आला की रॉसकडे बघायचं, बराच वेळ बघायचं, त्याने नजर खाली घातली की मग वळायचं. एवढंच ठरवलं होतं.

त्याने पाहिलं. रॉस मैदानाकडे पाठ करून बसला होता. गवतावर गुडघे टेकून, लोसासमोर. सामना संपल्याचं त्याला कळलं होतं की नाही, कोण जाणे. प्रथमोपचाराची बाई लोसाच्या डोळ्यांत टॉर्च मारत होती. लोसाने बाजूला तोंड करून ओकारी काढली आणि रॉसने तिच्या वेण्या मागे धरल्या.

हस्तांदोलनाच्या रांगा लागल्या. हरलेल्या मुली रडत रडत हात मिळवत होत्या. किडकिडीत मुलगी सगळ्यात शेवटी होती. अस्मिता तिच्यापाशी थांबून काहीतरी बोलली. मग ती वडिलांजवळ आली आणि उकिडवी बसून बाटल्या गोळा करू लागली.

तेवढ्यात रॉस मैदान ओलांडून आला. गुडघे चिखलाने भरलेले. तो धापा टाकत होता.

"चांगली किक, अस्मिता," तो म्हणाला. "अप्रतिम." मग मिरिआमाकडे वळला. "ॲम्ब्युलन्स बोलावलीये. तिला आमचा ट्राय आठवत नाहीये. त्यांना जाणून घ्यायचंय, मार कधी बसला, कुठे बसला, त्यानंतर ती किती वेळ खेळत होती. मी ट्रायकडे बघत होतो. ती जागेवर उभी राहिल्यावर माझ्या लक्षात आलं. कुणी पाहिलं का तुमच्यातल्या?"

मिरिआमाने मान हलवली. ज्या जाडजूड मुलीचा गुडघा होता ती गोंधळून बघत होती. तिलाही माहीत नव्हतं.

"या कडेला झालं असणार," रॉस म्हणाला. "चारू, तू इथेच होतास."

चारुदत्तच्या पायाशी एक बाटली होती. तिचं झाकण निघून पाणी गवतात जात होतं.

"ट्रायच्या आधी," तो म्हणाला. "त्या कोपऱ्यातल्या रकमध्ये. गुडघा लागला. डाव्या कानाच्या वर."

रॉस ऐकत होता. ते कुणाला तरी नीट सांगायचं असल्यासारखे त्याचे ओठ हलत होते.

"पडताना हात टेकवले नाहीत तिने," चारुदत्त म्हणाला. "उठून आमच्या बाजूला उभी राहिली. तुमच्या सहा नंबरने ओढलं. मग परत जाताना दोनदा थांबली. रेषेवर डोळ्यांवर हात धरला होता. उजेडाचा त्रास होत असणार."

"डाव्या कानाच्या वर," रॉस म्हणाला. "हात टेकवले नाहीत. म्हणजे दोन-तीन मिनिटं."

"तीन."

"थँक यू," रॉस म्हणाला. मनापासून म्हणाला. त्याने चारुदत्तच्या दंडावर थाप मारली. "याचा फार उपयोग होईल त्यांना." दोन पावलं गेला, आणि थांबला. "मृदुला असती तर ट्रायच्या आधीच बाहेर असती पोरगी. हे तुला सांगायला यायला हवं होतं मी. खूप आधी. अंत्यविधीला गाडी घेऊन आलो होतो. पार्किंगमधून परत गेलो." त्याला आणखी काही बोलायचं होतं, पण तिकडून हाक आली आणि तो गुडघे दाबत पळत सुटला.

अस्मिता उठून उभी राहिली. तिच्या हातात बाटल्या होत्या, छातीशी धरलेल्या.

"मी विचारलं होतं तुम्हाला," ती म्हणाली.

"अस्मिता..."

"यू सेड, पाणी पी."

तिने बाटल्या एकेक करून क्रेटमध्ये ठेवल्या. नीट, उभ्या. मग ती रॉस गेला त्याच दिशेने चालू लागली. आधी चालत, मग पळत.

"फोटो! सगळ्यांनी इकडे!" मिरिआमा टाळ्या वाजवत ओरडली. मुली एकमेकींच्या गळ्यात हात टाकून पोलखाली जमल्या, चिखलाने माखलेल्या, गात. कुणाचा तरी बाप फोन घेऊन समोर उकिडवा बसला. मिरिआमाने चारुदत्तला हाताला धरून ओढत आणलं. "तू मधे. मधे उभा राहा. ही किक तुझी आहे."

मुलींनी जागा केली. तो मधे उभा राहिला. कुणीतरी त्याच्या गळ्यात संघाचा मफलर घातला.

"अस्मिता कुठेय?" आना म्हणाली. "थांबायचं का तिच्यासाठी?"

मैदानाच्या त्या टोकाला ॲम्ब्युलन्सचं मागचं दार उघडं होतं. दारापाशी जुन्या कॉलेजच्या मुली घोळक्याने उभ्या होत्या आणि त्यांच्यात एकच जर्सी वेगळ्या रंगाची होती. तिची पाठ इकडे होती.

"नको," चारुदत्त म्हणाला. "घ्या फोटो."